चेष्टा

“आई गं!” मी ओरडले.

“कौन आई?” समोरून प्रश्न आला.

त्या क्षणी आम्ही दोघंही रस्त्यावर होतो. अगदी धुळीत, फतकल मारून. माझी सायकल त्याच्या सायकलवर आडवी पडली होती, त्याचा जेवणाचा डबा उघडून पोळ्या आणि वांग्याची भाजी अधारतालच्या रस्त्याला वाढून झाली होती, आणि हा मनुष्य गुडघा चोळत चक्क हसत होता. पहिल्या पाळीला निघालेले फॅक्टरीवाले घंट्या वाजवत आमच्या दोन्ही बाजूंनी चालले होते. ज्येष्ठातली सकाळ, वाऱ्याचा पत्ता नाही, आणि वर सगळ्यांच्या नजरा माझ्यावर! मला दरदरून घाम फुटला.

“हसायला काय झालं?” मी मराठीतच कडाडले. राग आला की मला दुसरी भाषा सुचत नाही.

“अच्छा! आपलेच लोक हो तुम्ही!” त्याचे डोळे चमकले. “मग तर ‘आई’ बरोबरच होतं. लागलं काय?”

“नाही ना लागला! करकचून दाबला तरी लागला नाही, म्हणून तर—”

“ब्रेकचं नाही विचारून राहिलो, बापा. तुम्हाला लागलं काय म्हटलं.”

मलाही हसू आलं. ते मी गिळलं. चूक माझी होती, आणि चूक माझी असली की मी जास्तच गंभीर होते.

तो उठला, कपडे झटकले आणि मला उठवायला हात पुढे केला. लांब बोटं, नखांच्या कडेला ग्रीसची काळी रेघ. मी तो हात घेतला नाही. ही मुलगी फार सोवळी दिसते, असं म्हणे त्याला वाटलं. खरं सांगायचं तर माझं वजन त्याच्या हाताला कळू नये, एवढंच मला वाटत होतं. मी सायकलचा दांडा धरला, एक गुडघा टेकला आणि धापा टाकत आपली आपणच उभी राहिले.

“श्रीरंग सुभेदार,” तो म्हणाला. “तोफांच्या फॅक्टरीत चार्जमन. उद्यापासून मी रस्त्याच्या त्या बाजूनं जात जाईन. ही बाजू तुमची.”

“मी शरयू. आणि मला अर्धा रस्ता पुरतो.”

पुरत नव्हता, हे आम्हा दोघांनाही दिसत होतं. पण तो रिकामा डबा हँडलला अडकवून शीळ घालत निघून गेला.

हे एकोणीसशे एकाहत्तर साल. मी जबलपूरला आले होते ती याच फॅक्टरीतल्या नोकरीसाठी. तोफांच्या सुट्या भागांची चित्रं तलम कापडावर शाईनं गिरवायची, असं ट्रेसरचं काम होतं. माझी रेघ हलत नाही, हे मिरजेच्या ड्रॉइंग मास्तरांपासून सगळ्यांनी मान्य केलेलं. लेखी परीक्षेत मी पहिली आले, मुलाखत हसतखेळत पार केली, आणि मेडिकलला आपटले. लघवीत साखर निघाली. वजन तक्त्यात कुठेच बसेना. डॉक्टरांनी शेरा मारला, तूर्त अपात्र. डिसेंबरात पुन्हा तपासू म्हणाले. तेव्हाही साखर निघाली तर जागा दुसऱ्याला, आणि मी परत मिरजेला.

मिरजेत कुणी वाईट नव्हतं. पण तिथं माझ्या वाट्याचं सगळं ‘बारीक झाल्यावर’ मिळणार होतं. चांगली साडी बारीक झाल्यावर. फोटो बारीक झाल्यावर. बघायला आलेली माणसं पोहे खाऊन ‘कळवतो’ म्हणत, आणि आई स्वयंपाकघरात जाऊन माझ्या ताटातला भात अर्धा करी. ही नोकरी मात्र मला कुणी दिली नव्हती. ती मी मिळवली होती, आहे त्या अंगानं. ती माझ्याच अंगानं माझ्याकडून काढून घ्यावी, हे मला सहन होत नव्हतं. मी आईला कळवून टाकलं, डिसेंबरपर्यंत येत नाही.

राहायला राधाआत्या होती. विधवा, एकटी, जबलपुरात सगळा जन्म गेलेली. आणि छावणीतल्या सदर बाजारात डॉक्टर प्रतिमा दुबेंचा दवाखाना होता. त्यांनी मला तपासलं, माझे सगळे प्रश्न ऐकून घेतले आणि चष्मा पुसत म्हणाल्या, “इन्सुलिन तो तुम्हारा बन रहा है, बेटा. पर शरीर उसकी सुनता नहीं. वज़न घटाओ, सुनने लगेगा.”

“और नहीं सुना तो?”

“तो तुम चिल्लाना. आवाज़ तो बढ़िया है तुम्हारी.”

सकाळी एक गोळी. साखर, बटाटा, भात बंद. ज्वारीची भाकरी, पालेभाज्या, डाळ, आणि रोज व्यायाम. “लेकिन भूखी मत रहना,” त्यांनी बोट नाचवून बजावलं. “गोली खाकर उपवास किया, तो मैं तुम्हें पहचानूँगी नहीं.”

तेव्हापासून माझी सकाळ परसात उजाडू लागली. स्पिरिटच्या दिव्यावर काचेची नळी धरायची. नळीत निळं औषध, त्यात लघवीचे थेंब. उकळून निळंच राहिलं तर मी जिंकले. हिरवं झालं तर सावध. पिवळं, नारिंगी झालं तर कालचं जेवण आठवायचं. आणि विटकरी झालं तर दिवसभर माझ्याशी कुणी बोलू नये. “तुळशीपासून लांब बस गं बाई,” एवढंच आत्या म्हणायची, आणि माळेचे मणी जरा भरभर ओढायची.

आत्याची मुलगी सासरी जाताना आपली लेडीज सायकल मागे ठेवून गेली होती. तीच मी शिकत होते. तिनंच मला श्रीरंग सुभेदारांच्या अंगावर नेऊन घातलं.

तो खरोखरच रस्त्याच्या दुसऱ्या बाजूनं जायला लागला. पण बोलायला रस्त्याची रुंदी आड येत नव्हती.

“शरयूजी, आज हँडल सीधं आहे!”

“समोर बघा, सुभेदार! म्हैस आहे!”

म्हैस खरंच असायची. अधारतालच्या तळ्यातून निघून ती रोज त्याच वेळेला रस्ता ओलांडायची. मग आम्ही दोघं थांबायचो... आणि म्हैस गेली तरी जरा थांबायचो.

त्यानं सांगितलं, त्याचे पूर्वज नागपूरकर भोसल्यांच्या चाकरीत इकडे आले आणि इथलेच झाले. आडनाव तेवढं राहिलं. त्या आडनावानं छावणीत मजा व्हायची. सदरमध्ये कुणी ‘सुभेदार साहब’ अशी हाक मारली की पलीकडचा जवान दचकून सावध उभा राहायचा. हा ते सांगताना स्वतःच सलाम ठोकून दाखवी. एकदा सदरहून त्यानं माझ्या सायकलला नवे ब्रेक-रबर आणले, आणि रस्त्याच्या कडेला बसून बसवूनही दिले.

“दाबून पाहा. लागते?”

“लागतोय.”

“हात तेरी!” त्यानं कपाळावर हात मारला. “आता तुम्ही मला धडकणार कशा?”

मी घंटी वाजवून निघाले. पण त्या दिवशी आत्यानं विचारलं की ज्वारीची कोरडी भाकरी खाताना कुणी एवढं हसतं का.

आजाराचं मी त्याला सांगितलं नव्हतं. सायकल काहून शिकून राहिल्या, असं त्यानं विचारलं तेव्हा ‘हौस’ म्हटलं. जाड मुलगी, एवढं त्याला दिसतच होतं. आजारी जाड मुलगी असं त्याच्या डोळ्यांत दिसायला नको होतं मला.

श्रावणात एका भुरभुरत्या सकाळी मी फॅक्टरीकडचा चढ पहिल्यांदा न उतरता चढले. मांड्या भरून आल्या होत्या, छातीत भाता चालला होता, पण पाय टेकला नाही! वर चहाच्या टपरीशी तो उभा होता. त्यानं टाळ्या वाजवल्या. भिजलेले केस कपाळावर, आणि चेहऱ्यावर असा आनंद, की चढ त्यानंच चढला असावा.

“शाब्बास! काल गेटवर सारे तुमच्या चेष्टेचीच गोष्ट करून राहिले होते.”

माझा श्वास तिथंच अडकला. “कसली गोष्ट?”

“तुमची चेष्टा हो. रोज पाहतात ना सगळे. एक जण म्हणे, अशी चेष्टा आजपर्यंत नाही पाहिली. पूर्ण शिफ्ट तेच चालू होतं.”

“आणि तुम्ही... तुम्हीही त्यांच्यात होतात?”

“होतो म्हणजे?” तो छाती काढून म्हणाला, “मीच तर सुरुवात केली!”

मी सायकल वळवली. तो मागून हाका मारत होता, पण ब्रेक न लावता मी तो सगळा उतार उतरले. डोळ्यांत पाऊस होता की आणखी काही, ते मला बघायचं नव्हतं. लहानपणापासून मी चेष्टा ऐकली होती. शेजाऱ्यांची, मामेभावांची, टांगेवाल्याचीसुद्धा. पण टाळ्या वाजवून, तोंडावर, एवढ्या प्रेमळ चेहऱ्यानं कुणी सांगितली नव्हती.

दुसऱ्या दिवसापासून मी रांझीच्या बाजूचा रस्ता धरला. तो लांबचा होता आणि चढही जास्त. रागाचा एक फायदा असतो, पाय दुखलेले कळत नाहीत. मी मनातल्या मनात त्याला काय काय सुनावत पायडल मारायची. नळी हिरवी होऊ लागली, कधी कधी निळी. वजन मात्र मुंगीच्या पावलानं उतरत होतं. डॉक्टर म्हणाल्या, तुझ्यासारख्यांचं असंच उतरतं, धीर धर. तो माझ्याकडे नव्हता.

म्हणून मी हरतालिका धरली. मुली चांगला नवरा मिळावा म्हणून धरतात. मी वजनाचा काटा हलावा म्हणून धरली, तीही निर्जळी. आत्या खूश झाली, मुलगी सुधारली म्हणून. आणि सवयीनं, कसलाही विचार न करता, सकाळची गोळी मी पाण्याशिवायच गिळून टाकली.

चढाच्या मध्यावर हात थरथरायला लागले. घाम फुटला, तोही गार. समोरचा रस्ता एकाचे दोन दिसू लागला. मी कशीबशी उतरले आणि पुलाच्या कठड्याला टेकून खाली बसले. डॉक्टरांचं नाचणारं बोट तेवढं डोळ्यांपुढे होतं. उशिरा का होईना, ते मला कळलं.

“शरयूजी!”

सायकल टाकून तो धावत आला. माझा शोध घेत तो या रस्त्यावर रोज थोडा थोडा पुढे येत होता म्हणे. त्याच्या हातात पानाचा द्रोण होता. “तुम्ही नाराज आहात, एवढंच मला समजून राहिलं. काहून, ते नाही समजलं. म्हणून बडा फुहारा बाजारातून काल खोव्याची जलेबी—”

“द्या,” मी म्हटलं.

“काय?”

“जिलबी द्या! लवकर!”

खोव्याची ती काळपट, जाडजूड, पाकानं निथळणारी जिलबी मी रस्त्यावर बसून खाल्ली. मग आणखी एक. चव काही कळली नाही. हळूहळू रस्त्याचा एकच रस्ता झाला, आणि त्याचा घाबराघुबरा चेहरा स्पष्ट दिसू लागला.

“मला मधुमेह आहे,” मी म्हटलं.

“हे राम! मग जलेबी काहून खाल्ली?” त्यानं द्रोण हिसकावून पाठीमागे लपवला.

“साखर फार खाली गेली होती म्हणून. गोळी घेऊन उपास केला मी. अक्कल गहाण ठेवली होती.”

“साखर जास्त होते म्हणून आजार, आणि साखर कमी झाली म्हणून जलेबी.” तो शेजारी मटकन बसला. “बापा, तुमच्यापेक्षा तोफ सोपी आहे.”

मग मी त्याला सगळं सांगितलं. नळी, रंग, डिसेंबरातलं मेडिकल, मिरज. तो शेवटी हळूच म्हणाला, “म्हणजे आजारात एवढी चेष्टा... मला तर माहीतच नव्हतं.”

“पुन्हा!” मी उसळले. “इथं मी मरायला टेकले होते, आणि तुम्ही पुन्हा माझी चेष्टा करताय?”

“मी कुठे करून राहिलो? चेष्टा तर तुम्ही करून राहिल्या!”

“मी? माझीच?”

“मग दुसरा कोण करेल? ज्याची चेष्टा त्यानंच करायची असते ना?”

आम्ही एकमेकांकडे बघत राहिलो. शेजारून एक बैलगाडी गेली. माझ्या मनात हळूहळू एक शंका उभी राहिली.

“सुभेदार... चेष्टा म्हणजे काय?”

“म्हणजे कोशिश. जीव लावून केलेली कोशिश. शाळेत आमचे गुरुजी लिहून देत, ‘निरंतर चेष्टा करो’.”

“आमच्या मराठीत चेष्टा म्हणजे टिंगल. मस्करी. थट्टा.”

त्याचा चेहरा मी जन्मात विसरणार नाही. आपण काय काय बोललो होतो ते तो मनात पुन्हा म्हणून पाहत होता, ओठ हलत होते. “म्हणजे मी म्हटलं की गेटवर सगळे... पूर्ण शिफ्ट... आणि मीच सुरुवात...” त्यानं उभं राहून दोन्ही हातांनी आपले कान धरले, तिथंच, भर रस्त्यात. “घरी मराठी बोलतो हो, पण शिकलो सारं हिंदीत. कोणता शब्द कुठून येऊन राहिला, मलाच समजत नाही. मी तर सांगून राहिलो होतो, की पाहा, ही मुलगी रोज पडते, रोज उठते... आणि आमचे युनियनवाले दोन दिवस उपोषण करून थकतात.”

मी हसायला लागले. हसता हसता रडायला लागले. तो कान धरून तसाच उभा.

“सोडा आता कान,” मी म्हटलं. “आणि हात द्या.”

त्यानं हात दिला. मी तो धरून उठले, सगळं वजन टाकून. त्याला काहीही झालं नाही.

डॉक्टरांनी मला फाडून खाल्लं, ते इथं सांगत नाही. उपास संपले. आमचा रस्ता मात्र पुन्हा एक झाला, आणि आता श्रीरंग माझ्याच बाजूनं यायचा. दसरा गेला. ब्लाउज उसवून आत घ्यावे लागले. त्यानं चहातली साखर सोडली, मी सांगितलं नसताना. “औषध पिऊन राहिलो असं वाटते,” असं तोंड वाकडं करून म्हणे, पण प्यायचा. दिवाळीत आत्यानं केलेला एक चिरोटा माझ्यानं सोडवला नाही, मग दुसराही नाही. दुसऱ्या दिवशी नळी नारिंगी. मी परसात बसून रडले, नळी धुतली आणि सायकल काढली. चढ चढताना तो म्हणाला, “आज डोळे लाल दिसून राहिले.” मी म्हटलं, “नळीपेक्षा बरे.” बस्, तेवढंच. त्या दिवशी तो चढ संपेपर्यंत माझ्या शेजारीच सायकल हाकत राहिला, एकदाही पुढे न जाता.

वजन उतरायचं, अडायचं, पुन्हा उतरायचं. थंडी पडली, बाजारात मटार आले. डॉक्टरांनी गोळी अर्धी केली.

आणि मग लढाई लागली.

खिडक्यांच्या काचांना काळे कागद लागले. सायकलच्या दिव्याला अर्धा काळा रंग. फॅक्टरी दिवसरात्र धडधडू लागली. श्रीरंगचे गाल आत गेले, डोळे तारवटले. डबा हातात घेऊन तो उभ्याउभ्या झोपतो की काय, असं वाटे. एका संध्याकाळी, दिवेलागणीच्या जरा आधी, तो तळ्याकाठी माझी वाट पाहत थांबला होता.

“शरयू,” तो म्हणाला.

‘जी’ कुठे गेलं, असं मी विचारणार होते. विचारलं नाही.

“परवा आमची पार्टी जाऊन राहिली, लढाईच्या मोर्च्यावर. बिघडलेल्या तोफा तिथंच दुरुस्त करायच्या. कुठे, ते सांगता येत नाही.” तो पाण्याकडे बघत होता. “जायच्या आधी एक विचारायचं आहे. लग्न करशील... कराल माझ्याशी?”

मी तोंड उघडलं. उत्तर माझ्यापाशी तयार होतं. पण तो थांबला नाही ना!

“आणि ते मेडिकल जाऊ द्या. काहून एवढा जीव जाळून राहिल्या? माझा पगार आहे. तुम्हाला नोकरीची गरज काय?”

ओठांवर आलेला शब्द मी परत घेतला. आनंद आणि संताप एकदम आला की काय करतात, ते मला तेव्हाही माहीत नव्हतं, आताही नाही.

“म्हणजे मेडिकलमधून सुटका म्हणून मी लग्न करायचं?”

“तसं नाही म्हणून राहिलो मी—”

“तसंच आहे. एका दारातून परत पाठवली म्हणून दुसऱ्या दारात आलेली बायको हवी आहे तुम्हाला?”

“मला तुम्ही कोणत्याही दारातून चालता,” तो म्हणाला. इतक्या साधेपणानं, की मी सायकलचं हँडल घट्ट धरलं.

“मला नाही चालत,” मी म्हटलं.

 पलीकडच्या घरातले दिवे एकेक करून काळ्या कागदाआड गेले.

“चुकलो,” शेवटी तो म्हणाला. “नोकरीचं बोललो ते सारं परत घेतो. प्रश्न तेवढा ठेवतो. उत्तर केव्हा देता?”

“मेडिकल झाल्यावर.”

“मेडिकल केव्हा?”

“परवाच.”

“ट्रक पण परवाच आहे,” तो म्हणाला, आणि माझी सायकल धरून रस्त्यापर्यंत चालत आला.

मेडिकलच्या सकाळी नळी निळी आली. निळीशार. मी ती उजेडात धरून बघत बसले आणि एकदम मनात आलं, हे मी काय केलं? त्याला बोलले, मेडिकलमध्ये लग्न घुसवू नका म्हणून. आणि उत्तर तर मीच मेडिकलला टांगून ठेवलं! फिट ठरले तर होकार, आणि नाही ठरले तर? तर काय, ‘कळवते’? आत्या मागून म्हणाली, “उठ गं, उशीर होईल.” मी उठले.

फॅक्टरीचा दवाखाना गेटच्या बाहेर होता. डॉक्टर तेच होते, जूनमधले. त्यांनी नळी स्वतः तापवली. मी श्वास धरून उभी. निळं. त्यांनी पुन्हा तापवली. निळंच. मग मला काट्यावर उभं केलं, तक्ता उघडला आणि भुवया वर नेल्या.

“वज़न अब भी ज़्यादा है. चार्ट के हिसाब से.”

“चार्टपेक्षा जास्त आहे साहेब, पण जूनपेक्षा किती कमी आहे ते बघा ना!” मी मराठीतच कडाडले, आणि जीभ चावली. मग हिंदीत, जरा हळू, सांगितलं, “छह महीने से रोज़ साइकिल पर वही चढ़ाई चढ़ रही हूँ. और दस साल चढ़ूँगी. शक्कर नहीं निकली, साहब. काम हाथ से करना है मुझे, और हाथ मेरा हिलता नहीं.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. पुन्हा तक्त्याकडे पाहिलं. मग तक्ता मिटून ठेवला, सही केली आणि ड्रॉइंग ऑफिसला फोन लावला. तिकडून उत्तर आलं ते मलाही ऐकू आलं, लढाई चालू आहे, कामाचा ढीग पडलाय, मुलीला आजच पाठवा. शिपायानं माझ्या हातात गेटपास ठेवला.

मी धावत बाहेर आले. हो, धावत. गेटसमोर ट्रक उभा होता, इंजिन सुरू, मागे अवजारांच्या पेट्या आणि पेट्यांवर माणसं. श्रीरंग फळीला धरून वाकून रस्ता शोधत होता. मला पाहताच ओरडला, “काय झालं?”

“हो!” मी म्हटलं.

“पास?”

“ते नाही विचारलं तुम्ही परवा! जे विचारलंत त्याचं उत्तर हो! लग्नाला हो!”

 मग सगळ्या फिटर लोकांनी एकदम पेट्या बडवल्या. कुणीतरी ओरडलं, “भाभीजी, मिठाई?”

“मटर खिलाऊँगी!” मी म्हटलं. लाजायला वेळच नव्हता.

श्रीरंगचं तोंड उघडंच. “पण मेडिकल? शरयू, मेडिकलचं काय झालं?”

“ते आधी सांगितलं असतं, तर तुम्हाला जन्मभर वाटलं असतं की त्याच्यामुळे—”

आणि नेमका फॅक्टरीचा भोंगा सुरू झाला. कान फाडणारा, थांबता थांबेना असा. ट्रक हलला. मी ओरडून सांगत होते, तो कानामागे हात धरून विचारत होता, “काय? काहून... ऐकू नाही येऊन राहिलं!” मी पुन्हा ओरडले. त्यानं मान हलवली, नाही, नाही. ट्रक पुढे सरकत चालला. धुळीत त्याचा चेहरा पुसट होऊ लागला, आणि त्या चेहऱ्यावर काळजी होती. तो तसाच निघाला असता, काय झालं ते न कळताच.

मी ओरडायचं थांबवलं. वळले आणि गेटकडे चालू लागले. लढाई लागल्यापासून त्या गेटातून पासाशिवाय कुणालाही आत सोडत नव्हते, अगदी साहेबांच्या बायकांनाही नाही. हे त्याच्याइतकं कुणाला माहीत असणार! पहारेकऱ्यानं माझा पास पाहिला, उलटून पाहिला, मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि बाजूला झाला.

मी आत गेले. आतून, लोखंडी गजांच्या मागून, वळून पाहिलं. ट्रक वळणावर पोचला होता. श्रीरंग पेटीवर उभा राहिला होता, दोन्ही हात वर करून, आणि शेजारचे दोघे त्याला पडू नये म्हणून सदऱ्याला धरून ठेवत होते. भोंगा अजून वाजतच होता. तो काय ओरडत होता ते मला ऐकू आलं नाही.

वर ड्रॉइंग ऑफिसात मला खिडकीजवळचं टेबल दिलं. समोर कापड ताणून लावलेलं, बाजूला शाई. तोफेच्या चाकाचा भाग होता. मी पेन शाईत बुडवला. मग रेघ ओढली.